वाघ, शेळी आणि भिंती नसलेला तुरुंग : पेनसिल्व्हेनियाचे एक लोकचित्र आणि औंध संस्थान

१/
चांगल्या राज्यकारभाराचे वर्णन करताना मराठीत एक वाक्य हमखास येते : त्या राज्यात वाघ आणि शेळी एकाच पाणवठ्यावर पाणी पीत असत. वाक्य ऐकायला गोड आहे. पण त्यातला वाघ शेळीवर झडप का घालीत नाही, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. उत्तर उघड आहे. राजाचा वचकच असा, की वाघाची हिंमत होत नाही. म्हणजे वाघ वाघच राहिलेला आहे. पहारा उठला, की पुढचा घास शेळीचा.

२/
एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका गावंढळ रंगाऱ्याने जवळपास हाच प्रसंग साठाहून अधिक वेळा रंगविला. त्याच्या चित्रात मात्र राजा नाही, चाबूक नाही आणि पहाराही नाही. तिथे सिंह बैलाशेजारी उभा आहे, कारण सिंहाचे मन पालटले आहे. वचकाने आलेली शांतता आणि मनःपरिवर्तनाने आलेली शांतता यांतील फरक हा या धाग्याचा विषय आहे. त्यासाठी आधी डेलावेअर नदीच्या काठी जाऊ आणि मग सातारा-सांगलीच्या माळावर येऊ. तिथे एका चित्रकार राजाच्या संस्थानात या प्रश्नाची परीक्षा कागदावर न होता जमिनीवर झाली.

३/
प्रथम त्या रंगाऱ्याच्या पंथाविषयी. सतराव्या शतकाच्या मध्यास, यादवी युद्धाने पोळलेल्या इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाचा एक प्रवचनकार गावोगाव सांगत फिरू लागला, की ईश्वरी प्रकाशाचा अंश प्रत्येक माणसाच्या अंतरी असतो आणि त्यासाठी पुरोहिताची मध्यस्थी लागत नाही. त्याच्या अनुयायांनी स्वतःला ‘मित्र’ म्हटले. लोकांनी त्यांना हिणवून ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. त्यांच्या सभेत मूर्ती नाही, वेदी नाही, गायन नाही. सारे निःशब्द बसतात. ज्याला आतून प्रेरणा होईल तो, स्त्री असो वा पुरुष, उभा राहून बोलतो.

४/
या एका श्रद्धेतून त्यांचे सारे आचार निघाले. सर्वांत प्रकाश सारखाच, म्हणून सरदारासमोर टोपी काढायची नाही आणि थोरामोठ्यांनाही एकेरीतच संबोधायचे. एकमेकांच्या पाया पडणारे आणि परस्परांना ‘माउली’ म्हणणारे वारकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या समतेचा गाभा समजावून सांगण्याची गरज नाही. रीत तेवढी उलटी : वारकरी सर्वांपुढे वाकतो, क्वेकर कोणापुढेच वाकत नाही. शत्रूच्या अंतरीही प्रकाश आहे, म्हणून शस्त्र धरायचे नाही. बोलणे सत्य, म्हणून न्यायालयात शपथ घ्यायची नाही. राहणी साधी, म्हणून कपड्यांवर झालर नाही आणि भिंतीवर तसबीर नाही.

५/
भिंतीवर तसबीर नको म्हणणाऱ्या या पंथातच आपला चित्रकार वाढला. एडवर्ड हिक्सचा जन्म १७८० साली पेनसिल्व्हेनियातील बक्स परगण्यात झाला. तो तान्हा असतानाच आई गेली. डेव्हिड आणि एलिझाबेथ ट्वायनिंग या क्वेकर शेतकरी दांपत्याने त्याला आपल्या घरी वाढविले. तेराव्या वर्षी तो घोडागाड्या बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. गाड्यांना रंग देणे आणि दुकानांच्या व खानावळींच्या पाट्या रंगविणे हा त्याचा धंदा झाला. कलाशाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. म्हणूनच कलेचा इतिहास त्याला लोकचित्रकारांत गणतो.

६/
१८०३ साली तो रीतसर क्वेकर झाला आणि पुढे नावाजलेला प्रवचनकारही. मग त्याच्या आयुष्यात एक पेच उभा राहिला. पोट रंगावर चाले आणि पंथातील अनेकांना रंग म्हणजे मिरवणूक वाटे. पाटी उपयोगाची असते, तिच्यावरचे नक्षीकाम मात्र अहंकाराचे, असा आक्षेप होता. हिक्सने ब्रश खाली ठेवून शेती करून पाहिली. शेती बुडाली, कर्ज झाले. तो पुन्हा रंगांकडे वळला, पण मन निर्धास्त झाले नाही. चित्र काढायचेच, तर त्याने उपदेश करावा, या विचाराने त्याने आयुष्यभर पुरेल असा एक विषय धरला.

७/
तो विषय बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या एका भाकितातला आहे. एक दिवस असा येईल, की लांडगा कोकराजवळ राहील, चित्ता करडाजवळ निजेल, सिंह बैलाप्रमाणे कडबा खाईल आणि एक लहान मूल या साऱ्यांना चालवीत नेईल, असा त्याचा आशय. हिक्सने या चित्राला ‘शांततेचे राज्य’ असे नाव दिले. १८२०च्या सुमारास त्याने पहिले चित्र केले आणि १८४९ साली मृत्यू येईपर्यंत तो हाच विषय करीत राहिला. त्यांपैकी ६२ चित्रे आज ज्ञात आहेत.

८/
चित्राची मांडणी पाहू. पुढे प्राण्यांचा कळप आणि मुले. मागे नदी, झाडी, कधी डोंगरांतून वाट काढणारे पाणी. हा भूप्रदेश पवित्र ग्रंथातील पॅलेस्टाइनचा नाही. तो चित्रकाराच्या घराजवळचा, डेलावेअर नदीच्या खोऱ्याचा आहे. आणि बहुतेक चित्रांत डाव्या बाजूला दूरवर एक छोटासा प्रसंग दिसतो : मोठ्या झाडाखाली काही गोरे लोक आणि काही मूळ रहिवासी उभे आहेत, मधे कापडाचे तागे उलगडले आहेत. हा १६८२चा करार. संदेष्ट्याचे भाकीत पुढे आणि स्थानिक इतिहास मागे, अशी ही जोडणी आहे. हिक्स म्हणतो आहे, की स्वर्गातली गोष्ट एकदा आमच्या नदीकाठी घडली होती.

९/
करार कसला? इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६८१ साली विल्यम पेन या क्वेकराला अमेरिकेतील मोठा मुलूख सनद करून दिला. पेनने त्या वसाहतीला ‘पवित्र प्रयोग’ मानले. सर्व पंथांना मुभा होती, सुरुवातीला फौज नव्हती आणि जमीन मूळच्या लेनापे लोकांकडून मोल देऊन व बोलणी करून घ्यायची होती. शॅकमॅक्सन येथे एल्म वृक्षाखाली त्याने लेनापे प्रमुखांशी मैत्रीचा करार केला, असे परंपरा सांगते. त्याचा लेखी कागद उपलब्ध नाही. आपल्या डोळ्यांपुढे येते ते दृश्य बेंजामिन वेस्ट या चित्रकाराने १७७१-७२मध्ये कल्पनेने उभे केलेले आहे. हिक्सने आपला प्रसंग त्याच चित्रावरून घेतला.

१०/
इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थांबून विचारावे : त्या लेनापे लोकांचे पुढे काय झाले? १७३७ साली पेनच्या वारसांनी एक जुना दस्तऐवज पुढे केला. एक माणूस दीड दिवसात जितके चालेल तितकी जमीन द्यायची, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. वारसांनी आधी वाट साफ करून ठेवली, वेगवान माणसे निवडली आणि लेनापेंच्या कल्पनेपलीकडचा प्रदेश पदरात पाडून घेतला. ही चाल बक्स परगण्यातील राइट्सटाउनहून सुरू झाली. हिक्सचे न्यूटाउन तिथून फार दूर नाही. त्याने ब्रश हाती घेतला तेव्हा लेनापे पश्चिमेकडे हुसकले गेले होते. चित्रात ते झाडाखाली उभे आहेत, प्रत्यक्षात त्या खोऱ्यात त्यांचे राज्य उरले नव्हते.

११/
खुद्द मित्रांच्या घरातही शांतता टिकली नाही. १८२७ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत क्वेकर पंथ दुभंगला. अंतःप्रकाश हाच अखेरचा प्रमाण मानणारे एका बाजूला आणि धर्मग्रंथ व पंथातील वडीलधाऱ्यांचा अधिकार मानणारे दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटाचा नेता एलायस हिक्स हा आपल्या चित्रकाराचा वयाने मोठा चुलतभाऊ. सभागृहांच्या मालकीवरून आणि दफनभूमींवरून तंटे झाले. या काळातील काही चित्रांत कराराच्या जागी क्वेकरांची रांग दिसते. त्यांच्या हाती शांतीचा संदेश लिहिलेली लांब पट्टी आहे आणि त्या गर्दीत एलायसही उभा आहे. शांततेचे चित्र म्हणता म्हणता ते एका भांडणातील बाजू घेणारे चित्र झाले होते.

१२/
आता प्राण्यांचे डोळे पाहा. सुरुवातीच्या चित्रांतले पशू खेळण्यासारखे निरागस आहेत. पुढे पुढे सिंह आणि चित्ता सरळ आपल्याकडे पाहू लागतात. डोळे विस्फारलेले, अंग ताठ, चेहऱ्यावर थकवा. कडबा खाण्याची शपथ घेतली आहे, पण भूक गेलेली नाही, असा तो भाव. १८३७ साली व्हर्जिनियातील गूज क्रीक येथे दिलेल्या प्रवचनात हिक्सने याचा उलगडा केला : लांडगा, चित्ता, अस्वल आणि सिंह हे माणसाचेच चार स्वभाव आहेत. उदासी, चंचलता, जडता आणि क्रोध. बाहेरच्या पशूला बांधून उपयोग नाही, आतल्याने स्वतःहून ‘मी’पणा सोडला पाहिजे. ते किती कठीण आहे हे सिंहाच्या डोळ्यांत दिसते. म्हणूनच हे चित्र भाबडे राहत नाही.

१३/
आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिक्सने शेतमळ्यांची काही निसर्गचित्रे केली. ‘कॉर्नेल यांचा मळा’ हे १८४८चे चित्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. क्षितिजाची आडवी शांत रेघ, नांगरलेली जमीन, मागे गोठे आणि समोर गायीबैलांची रांग. गोठ्याच्या मालकाला जो मान, तोच प्रत्येक गायीला. प्रत्येकीचे ठिपके निराळे, प्रत्येकीची ओळख जपलेली. नाट्यमय ढग नाहीत, कोणावर विशेष प्रकाशझोत नाही. बालपणीच्या ट्वायनिंग मळ्याचे चित्र काढताना त्याने एलिझाबेथच्या मांडीशी उभा असलेला लहानगा एडवर्डही रंगविला. साधेपणा आणि समता या मूल्यांचे दृश्यरूप कसे असते, ते या चित्रांत सापडते. ते विषयापेक्षाही मांडणीत अधिक आहे.

१४/
पण त्याच श्रद्धेतून त्याच प्रदेशात एक वेगळी वास्तूही उभी राहिली होती. १८२९ साली फिलाडेल्फियात ‘ईस्टर्न स्टेट’ हे प्रचंड कारागृह उघडले. फटके आणि फाशी यांऐवजी कैद्याला एकांत द्यावा, म्हणजे निःशब्दतेत त्याचा अंतःप्रकाश जागेल, या विचारामागे क्वेकर सुधारकांचा मोठा हात होता. हेतू दयेचा होता. प्रत्यक्षात प्रत्येक कैदी दगडी कोठडीत एकटा कोंडला गेला. बाहेर नेताना डोक्यावरून बुरखा घालीत, म्हणजे दुसऱ्याचे तोंड दिसू नये. १८४२ साली चार्ल्स डिकन्सने ते पाहिले आणि या मानसिक छळाविरुद्ध तीव्र शब्दांत लिहिले. सिंहाचे मन पालटावे म्हणून त्याला भिंतीत गाडले होते.

१५/
इथून आपण माणदेशाकडे वळू. हिक्सची चित्रे आणि औंध यांच्यात प्रभावाचे नाते जोडण्याचा हेतू नाही. ही तुलना आहे. तरी मधला एक बारीक दुवा नोंदण्याजोगा आहे आणि तो म्हणजे गांधीजी. १८९३ साली प्रिटोरियात त्यांची कोट्स नावाच्या क्वेकराशी मैत्री झाली. गळ्यातील तुळशीची माळ ही अंधश्रद्धा आहे, ती तोडून टाकू, असे कोट्स म्हणाले तेव्हा आईने प्रेमाने घातलेली माळ तोडण्यास गांधीजींनी नकार दिला. मैत्री मात्र टिकली. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले असता ते बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर विद्यापीठात राहिले. होरेस अलेक्झांडर, ॲगाथा हॅरिसन हे क्वेकर त्यांचे निकटचे सहकारी होते. हेच गांधीजी पुढे औंधच्या राज्यघटनेचे मार्गदर्शक झाले.

१६/
औंध हे पंतप्रतिनिधींचे छोटे संस्थान. गावे ७२ आणि तीही विखुरलेली. राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात मोडतात. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीही त्यांनी चित्रे केली. कीर्तन आणि सूर्यनमस्कार ही त्यांची आणखी दोन व्रते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि लाहोरात चित्रकार म्हणून नाव कमावलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर त्यांच्याच आश्रयाने औंधला आले आणि वेदाभ्यासात रमले. यमाईच्या डोंगरावरील भवानी संग्रहालय १९३८चे आहे.

१७/
या संस्थानात चित्रकलेची वाट कारखान्यापर्यंतही गेली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे जे. जे. मधले विद्यार्थी. रंग ओळखण्यात दोष आढळल्याने त्यांनी रंगकाम सोडून यंत्रांचे रेखन धरले. १९१० साली बाळासाहेबांनी कुंडलजवळच्या माळावर त्यांना जमीन दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथे अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. आणि एक गोष्ट विशेष : गुन्ह्यांबद्दल तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या रात्रपहाऱ्यावर नेमले. लांडग्याच्या हाती कळप सोपविण्याचाच हा प्रकार. हिक्सच्या चित्रातले दृश्य इथे पगारपत्रकावर आले होते.

१८/
१९३८च्या अखेरीस बाळासाहेबांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा निर्णय जाहीर केला. जानेवारी १९३९मध्ये स्वराज्याची घटना अमलात आली. तिच्या घडणीत गांधीजींबरोबर दोघांचा वाटा मोठा. एक राजपुत्र आप्पासाहेब पंत, नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. दुसरे मॉरिस फ्रिडमन, पोलंडचे ज्यू अभियंता, भारतात ‘भारतानंद’ म्हणून ओळखले गेलेले. पुढे निसर्गदत्त महाराजांची संभाषणे जगापुढे आणली ती याच फ्रिडमन यांनी. घटनेचा पाया खालून वर रचलेला होता : गावाने निवडलेली पंचायत, पंचायतींतून तालुका समिती, तिथून विधिमंडळ. ब्रिटिश हिंदुस्थान अजून पारतंत्र्यात असताना एका राजाने आपणहून गादीचा अधिकार सोडला होता. इथे वाघाने स्वतःहून नखे काढून ठेवली.

१९/
आणि त्याच सुमारास, १९३९मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. कल्पना फ्रिडमन यांची होती, आश्रय संस्थानचा. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे ठेवायचे, पण कोट नाही, बेड्या नाहीत. त्यांनी उघड्या माळावर जमीन कसायची, बायकापोरांना जवळ आणायचे आणि संसार करायचा. फिलाडेल्फियाच्या कोठडीशी ताडून पाहा. दोन्हीकडे विश्वास एकच : गुन्हेगाराच्या अंतरी काही चांगले शिल्लक आहे. तिथे ते जागे करण्यासाठी माणूस माणसापासून तोडला. इथे तो जमिनीला, घराला आणि शेजाऱ्याला जोडला. एकांतात माणसाला स्वतःखेरीज कोणी भेटत नाही. पिकाला मात्र रोज पाणी द्यावे लागते आणि मूल रडले की उठावे लागते.

२०/
या वसाहतीवरून सुचलेली कथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. ते आटपाडीजवळच्या शेटफळ्याचे, म्हणजे औंध संस्थानचेच प्रजाजन. व्ही. शांताराम यांनी तिच्यावर १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाचा मान मिळाला. चित्रपटात सहा खुनी आहेत आणि एक जेलर. त्यांना बांधून ठेवतात ते त्याचे डोळे. इथे आपल्या आरंभीच्या प्रश्नाची गाठ पडते. ते डोळे म्हणजे वचक की विश्वास? चित्रपट पुढे सरकतो तसतसा पहिल्याचा दुसरा होत जातो. हिक्सच्या सिंहाचे डोळे भेदरलेले होते, कारण त्याच्याकडे कोणी विश्वासाने पाहत होते का, हे चित्र सांगत नाही.

२१/
औंधचे चित्रही सोज्ज्वळ रंगांत संपवता येणार नाही. १९४३पासून साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले. तुफान सेनेचे केंद्र असलेले कुंडल याच संस्थानातले. अहिंसेच्या घटनेखालील भूमीनेच सशस्त्र क्रांतिकारकांना आसरा दिला. मग ३० जानेवारी १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-सांगलीच्या खेड्यांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटविला गेला. त्या जाळपोळीची कहाणी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीत आहे. ज्यांच्या नावाने शांततेचा प्रयोग झाला, त्यांच्याच मृत्यूचे निमित्त होऊन तो माळ पेटला. पेनच्या झाडाखालील करारानंतर १७३७ यावे, तसे हे १९४८. मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.

२२/
मग दोन्ही प्रयोग फसले, असे म्हणावे काय? हिशेब इतका सरळ नाही. पेनसिल्व्हेनियाच्या क्वेकरांनी १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्व नाकारले. हे संपूर्ण अमेरिकेत गुलामी बंद होण्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी घडले. त्यापूर्वी त्यांच्यातील अनेकांनी, खुद्द पेननेही, गुलाम बाळगले होते. म्हणजे सिंहाला कडबा खायला शंभर वर्षे लागली, पण त्याने तो खाल्ला. इकडे औंधचे राज्य गेले, घटना कागदपत्रांत गेली. स्वतंत्रपूर मात्र राहिले. संस्थान विलीन झाल्यावर नव्या राज्ययंत्रणेने ती खुली वसाहत पुढे चालविली आणि खुल्या कारागृहांची चर्चा निघाली, की आजही तिचे नाव आदराने घेतले जाते.

२३/
तरुण अभ्यासकांसाठी यात एक पद्धतीचा धडा आहे. शांत निसर्गचित्र हाती आले, की तीन गोष्टी तपासाव्यात. एक, या चौकटीतून कोणाला वगळले आहे? लेनापे चित्रात होते आणि मुलखात नव्हते. दोन, ही शांतता कशाच्या बळावर उभी आहे, वचकाच्या की संमतीच्या? आणि तीन, चित्रकाराने तेच चित्र पुन्हा पुन्हा का काढले? जे घडून गेले असते ते एकदा काढून भागते. जे घडत नाही आणि घडावेसे वाटते, त्याचीच ६२ चित्रे होतात.

२४/
साताऱ्याहून औंधला गेलात, तर यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय अवश्य पाहा. राजा रविवर्मा आहेत, हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही आहे. पण तेवढ्यावर परतू नका. पुढे आटपाडीकडे जा. वाटेत माणदेशाचा कोरडा माळ लागेल, बाभळी लागतील, मेंढरांचे कळप लागतील. क्षितिजाची रेघ हिक्सच्या मळ्यातल्यासारखीच आडवी आणि शांत. या माळावर एका चित्रकार राजाने आपले सर्वांत मोठे चित्र काढू दिले, आणि त्यात रंग भरले ते शिक्षा भोगणाऱ्या माणसांनी, नांगराने.

२५/
वाघ आणि शेळी एका पाणवठ्यावर पाणी पितात असे पुन्हा कोणी कौतुकाने सांगेल, तेव्हा एकच विचारावे : काठावर पहारेकरी उभा आहे का? असेल, तर ते चांगले प्रशासन आहे, त्याचीही गरज असते. नसेल, तर तिथे काहीतरी दुर्मीळ घडते आहे. अशा जागा इतिहासात थोड्या आहेत, त्या फार काळ टिकत नाहीत आणि त्यांच्या नोंदी चटकन पुसल्या जातात. त्यांतली एक आपल्या सांगली जिल्ह्यात आहे.

धागा समाप्त.